सरकारी वर्तमानपत्र आणि बदलत्या राजवटी : 'गोरखापत्र'च्या निमित्ताने

दारव्हेकर मास्तर

सरकारने चालवलेल्या नियतकालिकाचे जुने अंक जपून ठेवण्याच्या लायकीचे असतात काय, हा प्रश्न आमच्या 'ड' वर्ग ग्रंथालयाच्या बैठकीत 'लोकराज्य'च्या गठ्ठ्यांवरून निघाला. बहुतेकांचे मत असे पडले की, सरकारी छपाईत सरकारच्या स्तुतीपलीकडे काही नसते, तेव्हा वाळवी लागण्याआधी ते सारे रद्दीत द्यावे. मला हे पटले नाही. का पटले नाही ते सांगण्यासाठी नेपाळचे उदाहरण घेतो, कारण सुमारे सव्वाशे वर्षे एकाच नावाने निघालेले आणि मधल्या काळात निदान पाच वेळा धनी बदललेले सरकारी वर्तमानपत्र तिथे आहे, आणि ते आपल्याच लिपीत असल्यामुळे थोडे अडखळत का होईना, आपल्याला वाचता येते. त्याचे नाव 'गोरखापत्र'.

६ मे १९०१ रोजी ते साप्ताहिक म्हणून सुरू झाले. सुरू करणारे होते राणा घराण्यातले पंतप्रधान देव शमशेर. १८४६ पासून नेपाळात राजा नावाला आणि सत्ता राणांच्या हाती अशी व्यवस्था होती, आणि पंतप्रधानपद त्याच घराण्यात भावाकडून भावाकडे जात असे. देव शमशेर त्या घराण्याच्या मानाने उदार विचारांचे मानले जातात. त्यांनी शाळा उघडल्या, वर्तमानपत्र काढले, आणि अवघ्या ११४ दिवसांत त्यांचेच धाकटे भाऊ चंद्र शमशेर यांनी त्यांना गादीवरून खाली ओढले. १९१४ मध्ये ते मसुरीला, परमुलखात वारले. म्हणजे वर्तमानपत्र दोन महिन्यांचेही झाले नव्हते तोच त्याचा संस्थापक सत्तेबाहेर गेला होता.

इथे माझ्या मते या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट घडते. चंद्र शमशेरांनी भावाच्या शाळांना फारसा आधार दिला नाही, पण भावाचे वर्तमानपत्र बंद केले नाही. ते १९२९ पर्यंत राज्य करत राहिले आणि 'गोरखापत्र' त्या सबंध काळात निघत राहिले. शाळा शिकून निघालेला मुलगा उद्या काय विचारील याचा नेम नसतो. छापखाना मात्र आपल्या मुठीत असला की जे सांगायचे तेच छापून निघते. ज्या हत्याराने भावाची कीर्ती वाढणार होती तेच आपल्या कामाला लावता येईल, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखले असावे. पुढच्या प्रत्येक राज्यकर्त्याने हाच हिशेब केलेला दिसतो, आणि म्हणूनच ते वर्तमानपत्र जगले.

१९४३ मध्ये ते आठवड्यातून दोनदा आणि १९४६ मध्ये तीनदा निघू लागले. त्यानंतरचे १९५० सालचे प्रकरण पाहा. नोव्हेंबरात राजा त्रिभुवन यांनी राणांना चुकवून काठमांडूतल्या भारतीय दूतावासात आश्रय घेतला आणि ते दिल्लीला गेले. राणांनी लगोलग त्यांचा तीन वर्षांचा नातू ज्ञानेंद्र याला गादीवर बसवले; त्याच्या नावाची नाणीसुद्धा पाडली गेली. तीन महिन्यांनी तडजोड होऊन त्रिभुवन परतले आणि १८ फेब्रुवारी १९५१ रोजी राणाशाही संपल्याची घोषणा झाली. एका हिवाळ्यात नेपाळ सरकारच्या लेखी राजा दोनदा बदलला, आणि सरकारच्या पगारावर वर्तमानपत्र काढणाऱ्यांची त्यात काय अवस्था झाली असेल, त्याचा विचार ज्याने त्याने करावा.

संत्राबाग, वरूड

मास्तर, माहिती चांगली आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या देशात १९५० च्या सुमारास शंभरातल्या पाचेक माणसांनाच लिहिता-वाचता येत होते, तिथे असल्या पत्राचा वाचक कोण? दरबारातला कारकून आणि तालुक्याचा हाकीम. त्याला वर्तमानपत्र म्हणणे म्हणजे आपल्या तहसील कचेरीच्या भिंतीवरच्या नोटिशीला अग्रलेख म्हणणे आहे. दुसरे असे की, कोणती बातमी खरी होती हे त्या अंकांवरून कधीच कळणार नाही. मग जपून काय ठेवायचे? कपाशीचा भाव पडला त्या वर्षी सरकारी मासिकात भावाविषयी काय छापले होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

ट्रेडलवाला

मी ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी एका साप्ताहिकात खिळे जुळवत असे, त्यामुळे या विषयाकडे मी जरा खालच्या बाजूने पाहतो. वरूडकर भाऊंचा मुद्दा बातमीच्या खरेपणाचा आहे आणि तो बरोबरच आहे. पण छापलेल्या पानावर बातमीशिवायही बरेच काही असते, आणि ते खोटे बोलू शकत नाही. कोणाचे नाव आधी, कोणाचे नंतर. कोणाच्या नावामागे किती उपाध्या. कोणाचे छायाचित्र घडीच्या वर आणि कोणाचे घडीच्या खाली.

आमच्याकडे मंत्र्यांच्या नावामागे 'ना.' लावण्याची पद्धत होती, आणि आमदाराच्या मागे 'आ.'. निकाल लागून मंत्रिमंडळ बदलले की त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त चुका याच दोन अक्षरांच्या होत. हात सवयीने जुन्या माणसाला 'ना.' लावी आणि प्रूफ वाचणारा तांबड्या शाईने ते खोडी. एकदा फर्मा मशीनवर चढल्यावर चूक सापडली, तेव्हा सबंध ओळ सोडवून एक खिळा काढावा लागला आणि मोकळ्या जागेत कोरा पत्रा भरावा लागला. त्या अंकात माजी मंत्र्याच्या नावाआधी नेहमीपेक्षा रुंद फट दिसते. वाचणाऱ्याला ती छपाईतली ढिलाई वाटेल. मला ती त्या निवडणुकीचा निकाल वाटते.

नेपाळात राजाला 'श्री ५' आणि राणा पंतप्रधानाला 'श्री ३' लावत, म्हणजे पाच वेळा श्री आणि तीन वेळा श्री. राणा गेले तसे 'श्री ३' गेले. मे २००६ मध्ये तिथल्या संसदेने 'श्री ५ को सरकार' हे नाव बदलून 'नेपाल सरकार' केले, तेव्हा दुसरेही ओसरू लागले. मास्तरांच्या सव्वाशे वर्षांच्या गठ्ठ्यातून कोणी एवढ्या दोन उपाध्याच वेचून काढल्या, तरी सत्ता कोणत्या आठवड्यात कोणाकडून कोणाकडे गेली ते तारखेनिशी सांगता येईल.

वैनगंगा

ट्रेडलवाल्या काकांनी छायाचित्राचा उल्लेख केला म्हणून इजिप्तच्या 'अल-अहराम'ची गोष्ट सांगते. हे वर्तमानपत्र मुळात सरकारी नव्हते. सीरियाच्या मुलखातून, म्हणजे आजच्या लेबनॉनमधून आलेल्या तकला आडनावाच्या दोन भावांनी ते अलेक्झांड्रियात काढले आणि त्याचा पहिला अंक ऑगस्ट १८७६ मध्ये निघाला. पुढे ते कैरोला गेले. १९६० मध्ये नासर यांच्या सरकारने देशातली मोठी वर्तमानपत्रे ताब्यात घेतली, त्यात हेही गेले. त्या काळी त्याचे संपादक मोहम्मद हसनैन हैकल होते. ते नासर यांचे इतके निकटवर्ती होते की, त्यांचा शुक्रवारचा लेख म्हणजे अध्यक्षांच्या मनात काय चालले आहे याची खबर, असे समजून दूतावासांतली माणसे तो वाचत. नासर यांच्या पश्चात सादात आले, हैकल यांचे त्यांच्याशी बिनसले, आणि १९७४ मध्ये हैकल यांना संपादकपद सोडावे लागले.

आता छायाचित्र. सप्टेंबर २०१० मध्ये वॉशिंग्टनला मध्यपूर्वेच्या वाटाघाटी सुरू झाल्या. व्हाइट हाउसमध्ये गालिच्यावरून पाच नेते चालत येत आहेत असे मूळ छायाचित्र होते. त्यात ओबामा सर्वांत पुढे आणि इजिप्तचे अध्यक्ष मुबारक एका कडेला मागे होते. 'अल-अहराम'मध्ये ते छापून आले तेव्हा मुबारक मधोमध सर्वांच्या पुढे चालत होते आणि ओबामा त्यांच्या मागे. बभ्रा झाल्यावर संपादकांनी लेख लिहून समर्थन केले की, हे छायाचित्र आशय व्यक्त करणारे आहे, इजिप्तचा या प्रश्नातला पुढाकार त्यातून दाखवायचा होता. पाच महिन्यांनी, ११ फेब्रुवारी २०११ रोजी, मुबारक पायउतार झाले आणि १२ तारखेच्या त्याच वर्तमानपत्राचा मथळा होता : जनतेने राजवट उलथवली. पुढच्या महिन्यात संपादक बदलले. २०१२ मध्ये निवडून आलेल्या मोर्सी यांच्या काळात पुन्हा नवे संपादक नेमले गेले, आणि त्यांची नेमणूक संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने केली.

ज्या कचेरीत फेरफार केलेले छायाचित्र छापले गेले, त्याच कचेरीत तो मथळा बसवला गेला. त्याला शूरपणा म्हणायचे की चलाखी, यावर मी ठाम मत देत नाही. कदाचित तिथले अर्धे लोक तो मथळा वर्षानुवर्षे मनात बाळगून असतील आणि अर्ध्यांनी वारा पाहून पाठ फिरवली असेल. सरकारी नोकरीत असलेल्या माणसांविषयी एकच एक मत करून घेणे मला अवघड जाते. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

संत्राबाग, वरूड

छायाचित्राचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, ताई. मूळ छायाचित्र बाहेरून मिळाले म्हणून लबाडी उघडी पडली. फक्त 'अल-अहराम'चाच गठ्ठा हाती असता तर मुबारक खरोखरच सर्वांपुढे चालत होते असे आपण मुलांना शिकवले असते. ट्रेडलवाल्या काकांची फट मात्र मला आवडली.

दारव्हेकर मास्तर

वरूडकर भाऊ, यात तुमचे म्हणणे पुरते मान्य. सरकारी अंक एकट्याने वाचण्याचा कागदच नव्हे. तो दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून वाचावा लागतो. आणि नेपाळात ही सोय १९५१ नंतर काही काळ झाली होती. राणाशाही संपल्याबरोबर 'आवाज' नावाचे दैनिक निघाले. ते नेपाळातले पहिले दैनिक, आणि त्याचे संपादक कवी सिद्धिचरण श्रेष्ठ. राणांनी त्यांना कवितेतल्या एका ओळीसाठी तुरुंगात टाकले होते. तुरुंगातून आलेला कवी रोज वर्तमानपत्र काढत होता, आणि पन्नास वर्षांचे सरकारी पत्र अजून आठवड्यातून तीन दिवसच निघत होते.

ते दैनिक कधी झाले, तर १९६१ मध्ये. या सालाकडे जरा थांबून पाहावे. १९५९ मध्ये नेपाळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, १०९ पैकी ७४ जागा नेपाळी काँग्रेसने जिंकल्या आणि विश्वेश्वरप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले. १५ डिसेंबर १९६० रोजी राजा महेंद्र यांनी ते सरकार बरखास्त करून कोइरालांना अटकेत टाकले, पुढे पक्षांवर बंदी आली आणि पंचायत व्यवस्था, म्हणजे राजाच्या हाताखालचा पक्षविरहित कारभार, आणली गेली. निवडून आलेले सरकार गेल्यावर जेमतेम दोन महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १९६१ रोजी, 'गोरखापत्र' दैनिक झाले. लोकशाहीच्या दीड वर्षात जे झाले नाही ते राजाच्या एकट्याच्या राज्यात झाले, कारण रोज सांगण्याची गरज त्याला पडली. तारीखही लोकशाही दिनाचीच निवडलेली! त्यानंतर त्याचे संस्थान, म्हणजे आपल्याकडचे महामंडळ, स्थापन झाले, १९६५ मध्ये इंग्रजीतला 'द राइझिंग नेपाल' आला, आणि 'मधुपर्क' हे वाङ्मयीन मासिकही त्याच संस्थेने काढले.

हे मासिक मी मुद्दाम सांगतो. पंचायतीच्या तीस वर्षांत राजकारणावर उघड लिहिणे धोक्याचे होते, पण कथा-कवितेला जागा होती, आणि ती जागा सरकारच्याच पैशाने मिळत होती. या गोष्टीचे श्रेय त्या राजवटीला द्यावे असे मी म्हणत नाही. तिथे बसलेल्या संपादकांना द्यावे.

अभ्यासिका, पुसद

सर, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, त्यामुळे 'लोकराज्य' आणि 'योजना' आमच्या टेबलावर असतातच. बातमी म्हणून नव्हे, योजनांची नावे आणि आकडे पाठ करण्यासाठी. आमच्या वस्तीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारे गुरखा काका पश्चिम नेपाळातले आहेत. या धाग्यावरून त्यांना 'गोरखापत्र' विचारले, तर ते लगेच म्हणाले, "बुधवारचा." त्यांचा पुतण्या सरकारी नोकरीची तयारी करतो. तिथल्या लोकसेवा आयोगाच्या जाहिराती आणि सूचना बुधवारच्या 'गोरखापत्र'मध्ये येतात, त्यामुळे एरवी ज्यांना राजकारणाशी घेणे-देणे नाही अशी मुलेही तो अंक शोधत फिरतात. अग्रलेख काय आहे हे पुतण्याला कधी विचारले नाही, असे काका म्हणाले.

वैनगंगा

ही माहिती मोलाची आहे. सरकारी पत्र मतांवर जगत नाही, सूचनांवर जगते. व्हिएन्नाचे 'वीनर त्साइटुंग' हे याचे टोकाचे उदाहरण. १७०३ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालेले ते पत्र पुढे ऑस्ट्रियाच्या सरकारच्या मालकीचे झाले. सम्राट गेले, प्रजासत्ताक आले, नाझींच्या काळात ते बंद पडले, १९४५ मध्ये पुन्हा उभे राहिले. एवढे सगळे पचवलेले पत्र ३० जून २०२३ रोजी दैनिक म्हणून छापील स्वरूपात थांबले, ते कोणत्याही क्रांतीमुळे नव्हे. कंपन्यांनी आपल्या सूचना त्यातच छापल्या पाहिजेत ही सक्ती नव्या कायद्याने उठवली आणि उत्पन्नाचा मुख्य झरा आटला.

ट्रेडलवाला

आमच्या साप्ताहिकाचीही तीच कथा होती, फक्त आम्ही सरकारी नव्हतो. पाणीपुरवठ्याची निविदा, वारसाची जाहीर सूचना, नझूलच्या जागेचा फेरफार, यांवर मशीनची शाई येई. जाहिरात यादीतून नाव गळेल या भीतीने मालक ज्या बातम्या मागे ठेवत, त्या पाहिल्या की खाजगी आणि सरकारी यांतली रेघ मला तरी पुसट वाटते. कोणत्या साहेबाविषयी काय छापायचे नाही, हे आम्हाला कोणी लेखी दिले नव्हते.

संत्राबाग, वरूड

रेघ पुसट असेल, पण ती आहे, आणि बिकट प्रसंगी ती दिसते. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागल्यावर आपल्याकडे काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. आकाशवाणीला कोरी जागा सोडता आली नाही. १९४८ पासून आमच्या घरात नागपूर केंद्र ऐकले जाते. शेतीचे कार्यक्रम उत्तम असत, बाजारभाव नीट कळत, आणि त्या एकवीस महिन्यांत मात्र देशात सर्व काही सुरळीत चालले असल्याचे रोज संध्याकाळी कळत असे. चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था केली होती, त्यामुळे वर्तमानपत्रांतही तेच येई. त्या काळात आपल्या जवळ एखादे सरकारी दैनिक असते तर त्याने काय केले असते, हे मी आकाशवाणीवरून ओळखू शकतो. नेपाळात २००५ मध्ये काय झाले ते मास्तरांनी सांगावे.

दारव्हेकर मास्तर

२००५ च्या आधी १९९० सांगितले पाहिजे. त्या वर्षी जनआंदोलनानंतर राजा वीरेंद्र यांनी पक्षांवरची बंदी उठवली, नवी राज्यघटना आली, आणि 'गोरखापत्र' निवडून आलेल्या सरकारांच्या हाती गेले. ते खुले झाले का? काही अंशी. सरकार बदलले की संस्थेचे अध्यक्ष आणि संपादक बदलण्याची रीत पडली. पूर्वी एक राजा सांभाळायचा असे, आता आलटूनपालटून येणारे पक्ष. खरा फरक बाहेर पडला. फेब्रुवारी १९९३ मध्ये 'कान्तिपुर' हे मोठे खाजगी दैनिक निघाले आणि सरकारी पत्राशेजारी ठेवून वाचायला दुसरा कागद रोज मिळू लागला. तुम्ही ज्याची अट घालता तो हाच.

१ जून २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडात राजा वीरेंद्र आणि त्यांचे कुटुंब मारले गेले. स्वयंचलित बंदूक अचानक उडाली, असे अधिकृत निवेदन त्या वेळी ज्ञानेंद्र यांच्या नावाने निघाले. यावर सामान्य माणसाने विश्वास ठेवला नाही, आणि सरकारी माध्यमांची पत त्या आठवड्यात जितकी गेली तितकी आधीच्या शंभर वर्षांत गेली नसावी असे माझे मत आहे. आता तो मुलगा आठवा, ज्याला १९५० मध्ये तीन वर्षांचा असताना गादीवर बसवले होते. तेच हे ज्ञानेंद्र. ते दुसऱ्यांदा राजा झाले. १ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांनी सर्व सत्ता हाती घेतली, दूरध्वनी बंद पडले, खाजगी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक जाऊन बसले, एफएम केंद्रांना बातम्या देण्यास मनाई झाली. 'गोरखापत्र'च्या बाबतीत असले काही करण्याची आवश्यकताच नव्हती. ते आपलेच होते. वरूडकर भाऊ, तुमची रेघ इथे अगदी ठळक दिसते हे मी कबूल करतो.

एप्रिल २००६ मध्ये आंदोलनापुढे राजाला माघार घ्यावी लागली आणि २८ मे २००८ रोजी नेपाळ प्रजासत्ताक झाले. संपादक बदलले, उपाध्या गेल्या, आणि एक गोष्ट नव्याने आली : देशातल्या निरनिराळ्या मातृभाषांतली पाने 'गोरखापत्र' आळीपाळीने छापू लागले. नेवारी, तामाङ, मैथिली, थारू अशा भाषांना सरकारी वर्तमानपत्रात स्वतःचे पान मिळाले. ज्या भाषेचा वाचक थोडा आणि जाहिरातदार त्याहून थोडा, तिच्यासाठी पान काढणे खाजगी मालकाला परवडत नाही. आपल्या मेळघाटातल्या कोरकूला किंवा गडचिरोलीतल्या माडिया-गोंडीला असे पान रोजच्या वर्तमानपत्रात कुठे आहे, ते मला कोणी दाखवावे. सरकारी वर्तमानपत्राच्या बाजूने माझ्याकडे असलेला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो 'श्री ५'च्या काळातला नाही.

संत्राबाग, वरूड

कोरकूचा मुद्दा मला खोडता येत नाही. आमच्या बागेत तोडणीला येणारी धारणीकडची माणसे घरात कोरकू बोलतात आणि पाटी वाचतात ती मराठी. अशा पानाला सरकारी पैसा लागला तर माझी ना नाही. संपादक मात्र त्यांच्यातलाच नेमावा आणि त्याची नेमणूक पाच वर्षांनी मुंबईत बदलू नये.

अभ्यासिका, पुसद

सर, एक शंका आहे. गुरखा काकांच्या पुतण्याने भ्रमणध्वनीवर जुन्या अंकाचे एक पान पाठवले, त्यावर २०१७ साल आणि फाल्गुन महिना आहे; पण कागद फारच जुना दिसतो. हे कसे?

दारव्हेकर मास्तर

ते विक्रम संवत आहे. नेपाळचे वर्ष एप्रिलच्या मध्यात, वैशाखापासून सुरू होते. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतच्या तारखेतून ५७ आणि त्यापुढे चैत्रअखेरपर्यंतच्या तारखेतून ५६ वजा करावेत. पहिला अंक १९५८ च्या वैशाखातला, म्हणून १९०१. तुमच्याकडे आलेले पान फाल्गुन २०१७ चे, म्हणजे १९६१ चे फेब्रुवारी-मार्च. तारीख नीट पाहा; ७ फाल्गुन असेल तर तो दैनिकाचा पहिला अंक आहे. सबंध पानाचे छायाचित्र मागवा आणि घडीच्या वर कोण आहे ते इथे लिहा.